बोर्डावरची निशिगंधा

निशिगंधा चौगुलेनं आजवर जितक्या लोकांचं अभिनंदन केलंय, तितक्यांचं एखाद्या मंत्र्यानंही केलं नसेल. कुणी सेवा सोसायटीचा चेअरमन झाला, कुणाचा मुलगा पोलीस भरतीत निघाला, कुणाच्या म्हशीनं प्रदर्शनात पहिला नंबर काढला, कुणी नुसताच एका वर्षानं म्हातारा झाला, की तो किंवा त्याची माणसं शाहूपुरीतल्या गणपतरावांच्या फ्लेक्सच्या दुकानात येणार, मोबाईलमधला फोटो निशिगंधाच्या कॉम्प्युटरवर टाकणार आणि खुर्ची ओढून म्हणणार, "ताई, जरा जोरात होऊ दे." जोरात म्हणजे मागं उगवता सूर्य, खांद्याशी वाघ, वरच्या कडेला पुढाऱ्यांचे गोल फोटो, मध्ये उत्सवमूर्ती आणि सगळ्यात खाली 'शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार'. हा मित्र परिवार बहुतेक वेळा उत्सवमूर्ती स्वतःच असतो. मजकूर तोच सांगतो, खर्च तोच करतो आणि बोर्ड लागला की चौकात उभा राहून म्हणतो, "पोरं ऐकत न्हाईत ओ, लावलाच." हे अख्ख्या कोल्हापूरला ठाऊक आहे आणि कुणी कुणाला उघडं पाडत नाही. आपण आपली स्तुती करायची नसते, चार जणांच्या नावानं करवून घ्यायची असते. रीतच आहे तशी.

निशिगंधा या धंद्यात आली ती लग्नपत्रिका जुळवायला. मग फ्लेक्स आला आणि ती वाघ-सिंहांत पडली. अलीकडं गिऱ्हाइकाला इंग्रजी लागायला लागलं. 'प्राऊड मोमेंट' टाका, 'हार्टिएस्ट काँग्रॅच्युलेशन्स' टाका, 'ग्रेट अचीव्हमेंट' टाका. ती टाकायची. फुलांची वेल टाकावी तसे शब्द टाकायची; कुठला कुठं शोभतो ते डोळ्यांना कळायचं, तोंडाला त्यातला एकही यायचा नाही. आणि त्यानं काही अडतही नव्हतं.

अडलं ते गणपतरावांनी एका सकाळी उदबत्ती लावता लावता सांगून टाकलं तेव्हा. "निशा, दिवाळी झाली की शटर ओढणार. गुडघं गेलं माझं. पोरगं पुण्यात, त्याला ह्यात इंटरेस्ट न्हाई. परवानग्याचा ताप वेगळाच. तू बघ तुझं." इतकंच. इतक्या वर्षांच्या कामावर त्यांनी उदबत्ती ओवाळली आणि चहा सांगितला.

बघ तुझं, म्हणजे काय बघ? वय त्रेचाळीस. नवरा दिनकर दुधाचा टेम्पो चालवतो. लेक बारावी होऊन फार्मसीला गेलेली. दुसऱ्या कुठल्या फ्लेक्सच्या दुकानात जावं तर तिथं विशी-बाविशीतली पोरं बसलेली. निशिगंधाला त्या दिवसापासून स्वस्थता अशी नव्हतीच. बसल्या जागी पाय हलायचा. भाकरी थापताना मध्येच थांबायची. सासूनं दोनदा विचारलं, "काय गं, अंगात आल्यागत का करायलीस?" ती म्हणाली, "काय न्हाई."

मग शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीची जागा कळली. तिथं कारखान्याचे सगळे बोर्ड, कामगारांच्या बक्षिसांची सर्टिफिकेटं, सुरक्षा सप्ताहाचे फलक, महिन्याचं भित्तिपत्रक, हे सगळं करायला कायमचं माणूस हवं होतं. पगार ठरलेला, फंड कापणार, कंपनीची बस. तिनं घरात कुणाला न सांगता, दुकानातही न सांगता अर्ज केला. आणि बोलावणं आलं. फोनवर संयोगिता मॅडम म्हणून कुणी होत्या, त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं, "इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये होईल. बाहेरदेशचे कस्टमर येतात, आम्हाला दोन्ही भाषांत काम लागतं. फार घाबरू नका. स्वतःबद्दल बोला. तुमची एखादी अचीव्हमेंट सांगा, जिचा तुम्हाला आनंद झाला, अभिमान वाटला. तेवढी तयारी करून या."

तेवढीच. जिनं सगळ्या जिल्ह्याच्या अचीव्हमेंटा मांडल्या तिला स्वतःची एक सांगायची होती.

दुकानाच्या मागच्या बोळात हुसेनबी बाई राहायच्या. म्युनिसिपालिटीच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. आवाज अजून वर्गातलाच होता, चाळीस पोरांना पुरेल असा. निशिगंधा दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्याकडं जायला लागली. खराब गेलेल्या फ्लेक्सचे तुकडे ती घेऊन जायची, त्यांच्या पांढऱ्या पाठीवर बाई मार्करनं शब्द लिहायच्या.

"हॅपी," बाई म्हणाल्या, "ह्या शब्दात काय दम न्हाई. पोट भरलं तरी हॅपी, लॉटरी लागली तरी हॅपी. सॅटिस्फाइड वेगळं, डिलाइटेड वेगळं, रिलीव्हड वेगळं. कुठलं कधी झालीस ते सांग. आणि एक ऐकून ठेव पोरी, माझ्याकडं खोटं वाक्य चालत न्हाई. जे झालं न्हाई ते इंग्लिशमध्येपण झालं न्हाई."

"रिलीव्हड म्हणजे काय ओ बाई?"

"डोईवरचं ओझं उतरल्यावर वाटतं ते."

"ते रोज रात्री भांडी झाली की वाटतं."

"शाब्बास! मग बोल की. आय फील रिलीव्हड."

निशिगंधा बोलली. सोपं होतं. 'टायर्ड'ची वाक्यं तर तिनं धडाधडा केली. 'ग्रेटफुल'ची केली. 'थ्रिल्ड'ला लेकीचा रिझल्ट सांगितला. बाईंनी बोट उचललं, "लेकीचं न्हाई विचारलं. तुझं." मग 'प्राऊड' आला आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच.

"बोल. आय अॅम प्राऊड दॅट आय..."

निशिगंधानं पदर सारखा केला, घसा खाकरला आणि सुरू केलं, "अंडर द गायडन्स ऑफ श्री गणपतराव, अँड विथ द ब्लेसिंग्ज ऑफ माय फॅमिली..."

"थांब!" बाईंनी मार्कर टेबलावर आपटला. "ही तुझी अचीव्हमेंट हाय का गणपतरावाचा वाढदिवस? तू मघापास्नं बोर्ड बोलायलीस बोर्ड! वर पुढारी, खाली मित्र परिवार. मधलं माणूस कुठाय?"

मधलं माणूस डब्यातली भेंडी उकरत बसलं. त्याला राग आला होता. बाईंचा नव्हे, राग नक्की कुणाचा ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"इंटरव्ह्यूच्या आधी सहा वाक्यं आण. सगळी 'आय'नं सुरू होणारी. जा आता, तुझी वेळ झाली."

आता सहा वाक्यं म्हणजे काय डोंगर आहे? पण निशिगंधाला त्यातलं एक सुचेना. तिनं आधी गणपतरावांना विचारलं, जरा आडवळणानं, "मालक, माझं कुठलं काम तुम्हाला चांगलं वाटलं आजवर?"

गणपतराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "सगळंच चांगलं हाय की. पर तू का इचारायलीस? पगारवाढ मागू नको, दुकान बंद व्हायलंय."

दिनकरला विचारलं. तो टेम्पो धुऊन आला होता, बनियन भिजलेलं. "तुझं चांगलं? भाकरी चांगली करतीस की. पापुद्रा काय धरतीय!" आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं, त्यामुळं भांडताही येईना.

सासूला, बाळाबाईंना, विचारायला नकोच होतं, पण त्यांनी ऐकलंच. बाळाबाई चंदगडकडच्या; तिकडं बायकाही 'सांगतो', 'म्हणतो' असंच बोलतात. तिकडच्या पावसात वाढलेलं माणूस; बोलणं नेहमी छपरावरून येणाऱ्या आवाजाला पुरेल असं. "हे बघ, मी सांगतो तुला. स्वतःचं चांगलं स्वतःच्या तोंडानं बोलू नये. बोललं की त्याला पाय फुटतात. माझ्या भनीनं एकदा चारचौघींत म्हटलं, माझं सगळं झक्कास चाललंय, तर आठ दिसांत म्हस आटली. कुणी 'कसं काय' म्हटलं तर 'चाललंय' म्हणावं. तेवढं बास हाय."

निशिगंधा 'चाललंय' म्हणत म्हणतच इथवर आली होती. आणि चाललं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी गणपतराव बँकेत गेले होते, दुकानात ती एकटी. शुक्रवारी सकाळी अकराला इंटरव्ह्यू. सहा वाक्यांपैकी एकही झालेलं नव्हतं. तिला वाटलं, आपल्याला बोलता येत नाही पण बोर्ड तर करता येतो. बोर्ड करता करता सुचेल. तिनं नवं पान उघडलं. मावसबहिणीच्या लग्नातला स्वतःचा फोटो कापून मध्ये बसवला. उगवता सूर्य टाकला. वाघ नको म्हटलं. वर मोठ्या अक्षरांत इंग्रजी शब्द टाकले, हुसेनबी बाईंचे सगळे: प्राऊड, डिलाइटेड, अचीव्हमेंट, माइलस्टोन. त्याखाली मराठीत 'सौ. निशिगंधा दिनकर चौगुले यांचे हार्दिक अभिनंदन'. आणि 'यांनी अमुक केल्याबद्दल' ही ओळ जिथं यायची तिथं कर्सर लुकलुकत ठेवून ती बसून राहिली. पुढारी टाकले नाहीत म्हणून वरची कडा उघडीबोडकी दिसत होती. खाली हातानं आपोआप टाईप केलं, 'शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार'. तिला हसू आलं. मधली ओळ मात्र आली नाही.

तेवढ्यात एक तालमीचं मंडळ आत घुसलं. त्यांच्या अध्यक्षांचा उद्या वाढदिवस, बोर्ड आत्ता पाहिजे, फोटो व्हॉट्सअॅपवर, वाघ दोन पाहिजेत. निशिगंधानं आपली फाईल सवयीनं सेव्ह केली, आणि सवयीनंच त्या फोल्डरमध्ये केली जिथून दुकानातला ज्ञानू संध्याकाळी सगळे बोर्ड छापून काढतो आणि पहाटे शिडी घेऊन चौकाचौकांत लावून येतो. मंडळाचे दोन वाघ करून ती घाईघाईनं बससाठी पळाली. आपल्या फाईलची तिला आठवणही राहिली नाही.

सकाळी तवा तापतोय तोच फोन वाजला. गारगोटीची मावशी. "निशे, अभिनंदन गं बाई! लई बरं वाटलं बघ."

निशिगंधाच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला. इंटरव्ह्यूचं मावशीला कुणी सांगितलं? "अजून काय झालं न्हाई मावशी. अकरा वाजता हाय."

"अकरा वाजता सत्कार हाय व्हय? बरं बरं. फोटो पाठव."

फोन ठेवला तोच दुसरा. दिनकरच्या डेअरीतला कुणी. मग तिसरा, लेकीच्या मैत्रिणीची आई. सगळे अभिनंदन करत होते आणि कशाचं ते कुणी म्हणत नव्हतं. निशिगंधा घामाघूम झाली. हुसेनबी बाई फुटल्या? बाई फुटणाऱ्यातल्या नव्हेत. कंपनीतून फोन आला असेल घरी? बाळाबाई दारातून तिच्याकडं टक लावून बघत होत्या.

"कशाचं अभिनंदन ते मला सांगणार का गावाला आधी सांगून झालंय?"

"मला म्हाईत असलं तर सांगीन की!"

दिनकर मोबाईल घेऊन आत आला. तोंडावर हसू मावत नव्हतं आणि ते हसू जरा वाकडं होतं. "बरं हाय. आमाला घरात भाकरी आणि चौकात बोर्ड. कावळा नाक्यावर लागलीयास. व्हॉट्सअॅपवर फोटो फिरायलाय, हे बघ."

निशिगंधानं बघितलं. उगवता सूर्य. तिचा तो लग्नातला चेहरा, कापताना कानाजवळ बहिणीची वेणी राहिलेली. प्राऊड. डिलाइटेड. तिला चुलीत शिरावंसं वाटलं, पण घरात गॅस होता.

"ते चुकून झालंय," ती म्हणाली.

"चुकून?" बाळाबाई मोबाईल हातात धरून लांब नेत, जवळ आणत बघत होत्या. बोर्ड सगळा बघून झाल्यावर म्हणाल्या, "काय झालंय ते लिव्हलंच न्हाई की ह्यात." तोवर अख्ख्या सकाळी हे ध्यानात आलेलं माणूस म्हणजे ही एकटी, आणि तिचंही पुढचं वाक्य भलतीकडंच गेलं, "एवढ्या मोठ्या नाक्यावर उघडं तोंड! कुणाकुणाची नजर पडली आसंल. बस खाली. दृष्ट काढल्याबिगर उंबरा ओलांडायचा न्हाई."

"आत्या, मला उशीर व्हायलाय!"

"बस म्हणतो न्हवं!"

मीठ-मोहऱ्या उतरल्या गेल्या, मिरच्या जळल्या. ठसका लागायला हवा तेवढा लागला नाही, म्हणजे नजर जबर आहे असं ठरलं आणि पुन्हा एकदा उतरल्या गेल्या. निशिगंधा घड्याळाकडं बघत, डोळ्यांतून पाणी गाळत बसली होती. इंटरव्ह्यूचं तिनं तेव्हाही सांगितलं नाही. दुकानात जाते म्हणाली आणि नवी साडी पिशवीत घालून निघाली. साडी हुसेनबी बाईंच्या घरात बदलली. बाई फक्त म्हणाल्या, "बोर्ड बघितला सकाळी दूध आणताना. शब्द सगळे पाठ झालेले दिसतात. मधलं कुठाय?"

"न्हाई सुचलं."

"मग बसमध्ये सुचव. पळ."

बसमध्ये काय सुचणार? कंडक्टरनं तिकीट दिलं, चेहऱ्याकडं बघितलं, पुन्हा बघितलं. कावळा नाका आला आणि खिडकीतून निशिगंधाला निशिगंधा दिसली. दहा फुटांची. खाली उसाच्या रसाचा गाडा, शेजारी मंडळाचा अध्यक्ष दोन वाघांसकट. आणि पलीकडं शिडीवर ज्ञानू, आणखी एक बोर्ड ताणत. ती उतरली. उतरायचं ठरवलं नव्हतं, पण उतरली.

"ज्ञानूदा! खाली या आधी!"

ज्ञानू तिच्यापेक्षा वयानं मोठा, सुपारीनं लाल झालेलं तोंड, कमी बोलणारा. तो दोन पायऱ्या उतरून थांबला. रसवाल्यानं गाडा सोडून येऊन सांगितलं, "ताई, अभिनंदन!"

"कशाबद्दल?" निशिगंधा त्याच्यावर फिरली.

"ते काय म्हाईत न्हाई," तो जराही न चपापता म्हणाला, "पर अभिनंदन."

"ज्ञानूदा, तुमाला इचारायला काय झालंतं? मालकांचा फोन न्हाई, पावती न्हाई, बोर्डावर कारण न्हाई, आणि लावून मोकळं?"

"कारण कोण वाचतंय ताई बोर्डावर."

"आणि तुमाला काय वाटलं, मला काय मेडल मिळालंय?"

ज्ञानूनं सुपारी गालात सरकवली. "मला वाटलं, त्या जामीनवाल्याचं आसंल. मालकाला आत्ता कुठं कळलं आसंल, म्हणून सत्कार काढला."

"कुठला जामीनवाला?"

"इसरलासा? मी दारात उभा होतो की रोल घेऊन."

निशिगंधा विसरली नव्हती. पण ती ते कशात मोजत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता एक माणूस दुकानात आला होता, मागं चार पोरं. त्याचा मुलगा जामिनावर सुटून येणार होता. कॉलेजच्या एका मुलीला त्यानं महिनोन् महिने छळलं होतं, एकदा रस्त्यात हात धरून ओढलं होतं. पेपरात आलं होतं. बापाला स्वागताचा बोर्ड पाहिजे होता, सिंहाचा, 'परत आला आमचा राजा' म्हणून. आणि तो लावायचा होता बसथांब्यासमोर. कुठल्या बसथांब्यासमोर, ते त्यानं बोट दाखवून सांगितलं. ती मुलगी रोज तिथून बस धरायची, हे त्यालाही ठाऊक होतं आणि पेपर वाचणाऱ्या सगळ्यांनाच. गणपतराव त्या दिवशी मिरजेला डॉक्टरकडं गेलेले. निशिगंधा आधी म्हणाली, मशीन बंद आहे. तो म्हणाला, थांबतो. खुर्ची ओढून बसलाच. घटकाभर ती खोटंच कॉम्प्युटरवर काहीतरी करत राहिली. मग तिनं मान वर केली आणि म्हणाली, "मशीन चालू हाय. मीच करत न्हाई हा बोर्ड." तो काय काय बोलला. दुकान बंद पाडीन म्हणाला, तुझा नवरा कुठल्या रस्त्यानं दूध नेतो ते बघतो म्हणाला. ती पुन्हा म्हणाली, "करत न्हाई." पोरांतल्या एकानं टेबलावरचा पाण्याचा ग्लास सांडला आणि ते गेले.

बोर्ड त्यांनी दुसरीकडं करून घेतला. लागलाही. दोन दिवस तिथंच होता, सिंहासकट. मग यात काय केलं म्हणायचं? मालकांना तिनं सांगितलंच नाही, एक गिऱ्हाईक गेलं म्हणून ते चिडले असते. दिनकरला सांगितलं नाही, तो घाबरला असता. ज्ञानूनं तेव्हा खाली वाकून सांडलेलं पाणी पुसलं होतं, आणि तोही काही बोलला नव्हता. दोन वर्षं.

"तो उतरवा," निशिगंधा बोर्डाकडं न बघता म्हणाली. "आत्ता. मी बसमधनं परत बघणार हाय."

"उतरवतो की. पर ताई," ज्ञानू शिडीवरूनच म्हणाला, "तोंड चांगलं आलंय तुमचं. वेणी तेवढी कुणाचीतरी राहिलीया."

पुढची बस यायला वेळ लागला. ती थांब्यावर इकडून तिकडं चालत राहिली, ओठ हलत होते. लोकांना वाटलं, बाई मंत्र म्हणतेय.

फाउंड्रीच्या ऑफिसात एसी एवढा होता की तिचे दात वाजायला लागले. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं. टेबलापलीकडं संयोगिता मॅडम, तिशीच्या, नीटनेटक्या, आणि घोरपडे साहेब म्हणून वर्क्स मॅनेजर, केस पांढरे, मिशा मात्र काळ्या. नाव-गाव, शिक्षण, अनुभव झालं. निशिगंधाचं इंग्रजी खडखडत का होईना, चाललं. मग मॅडमनी मोबाईल समोर सरकवला. त्यात उगवता सूर्य होता.

"सकाळी येताना आम्ही दोघांनीही बघितला," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. "काँग्रॅच्युलेशन्स. बट व्हॉट इज इट फॉर?"

सकाळपासून इतक्या लोकांनी अभिनंदन केलं, त्यांच्यात हा प्रश्न विचारणारं हेच पहिलं माणूस. निशिगंधाला तिचा एकदम आधार वाटला.

"मिस्टेक," ती म्हणाली. "आय मेड इट फॉर प्रॅक्टिस. आय डिड नॉट नो माय अचीव्हमेंट. सो आय लेफ्ट इट एम्प्टी."

घोरपडे साहेबांच्या मिशा हलल्या. "अँड नाऊ यू नो?"

"येस." तिनं टेबलाच्या कडेला हात धरला. "आय डिड नॉट मेक वन बोर्ड."

तिनं सांगितलं. काळ सगळे चुकले असतील, मध्ये दोनदा मराठी शब्द आला, 'जामीन'ला तर तिला इंग्रजी सापडलंच नाही. पण एका वाक्यातही गणपतराव आले नाहीत, कुणाचे आशीर्वाद आले नाहीत. आय सेड मशीन इज क्लोज्ड. आय टोल्ड लाय. देन आय सेड नो, मशीन इज ओके, आय विल नॉट मेक. आय वॉज अफ्रेड. आय सेड अगेन.

"पण बोर्ड लागला म्हणता," घोरपडे साहेब मराठीवर आले. "मग उपयोग काय झाला?"

"काय न्हाई." तीही मराठीवर आली, मग जिद्दीनं परत इंग्रजीवर गेली. "बट इट वॉज नॉट माय हँड." मग थांबून म्हणाली, "दॅट नाइट आय वॉज हंग्री. आय एट थ्री भाकरीज." आणि ज्या शब्दात काही दम नाही म्हणून बाईंनी खोडला होता, तोच तिनं वापरला. "आय वॉज हॅपी."

मॅडम काहीतरी लिहून घेत होत्या. घोरपडे साहेब खुर्चीत मागं रेलले. "अहो, आम्हाला बोर्ड करणारं माणूस पायजे. तुम्ही न केलेला बोर्ड सांगायलाय. उद्या इथलं एखादं काम तुम्हाला पटलं न्हाई, तर?"

हा प्रश्न खरा होता आणि निशिगंधाला त्याचं सोयीचं उत्तर येत होतं. बोर्डावर अशी उत्तरं तिनं आयुष्यभर लिहिली होती. ते तिनं दिलं नाही.

"आय विल मेक," ती म्हणाली, "बट आय विल रीड फर्स्ट."

कळवतो म्हणाले. सगळेच कळवतो म्हणतात. परतताना कावळा नाक्यावर तिच्या जागी मोकळी चौकट होती आणि शेजारी दोन वाघांचा अध्यक्ष एकटाच हसत होता. हुसेनबी बाईंनी विचारलं, "किती 'आय' झाले?" ती म्हणाली, "मोजले न्हाईत." बाई म्हणाल्या, "मग झाले असतील," आणि दार लावून घेतलं, त्यांची नमाजची वेळ झाली होती.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नये. फोन वाजला की ती दचकायची, नाही वाजला की बंद पडला का बघायची. घरात मात्र तिनं सगळं सांगून टाकलं, जामीनवाल्यासकट. दिनकर म्हणाला, "दोन वर्षं मी त्याच रस्त्यानं टेम्पो नेतोय. आधी सांगितलं असतंस तर..." आणि 'तर' काय ते त्यालाच ठरवता येईना. "बरं केलंस," म्हणून तो उठला. बाळाबाईंनी एवढंच विचारलं की ती नोकरी मिळाली तर ते चौकात लावणार काय. नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

नोकरी मिळाली. फोन मॅडमचाच होता. घोरपडे साहेबांचं मत आधी उलटं होतं, हेही त्यांनी सांगून टाकलं; हल्लीच्या पोरींच्या पोटात काही राहत नाही. सहा महिने बघू, मग कायम करू, असं ठरलं.

पहिल्याच महिन्यात 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'चा बोर्ड आला. निवड झाली होती फेटलिंगमधल्या सिकंदर मुल्लाची. ओतून आलेल्या लोखंडी मालाच्या कडा घासून साफ करायचं ते काम. माणूस दिवसभर ठिणग्यांत. तो कपडे झटकून, तोंड धुऊन फोटोला आला आणि स्टुलाच्या टोकावर बसला.

"दादा, तुमच्या नावाखाली काय लिहू?" निशिगंधानं विचारलं. "काय केलंत म्हणून निवड झाली?"

"लिहा की आपलं. सायबांच्या मार्गदर्शनाखाली, सर्व सहकाऱ्यांच्या..."

"ते झालं. तुम्ही काय केलंत?"

"मी?" सिकंदरनं छताकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, दाराकडं बघितलं. "मी काय ताई... चाललंय आपलं."

निशिगंधाचा पाय टेबलाखाली हलायला लागला. जेवणाची घंटा व्हायला थोडाच वेळ होता, दुपारी दोन फलक द्यायचे होते. तिनं कीबोर्ड बाजूला सारला आणि खुर्ची त्याच्याकडं वळवली.

"नीट टेकून बसा," ती म्हणाली. "आणि 'मी'पास्नं सुरू करा."